परतीची हमी

“शेवटचं कोण?” मिगदालियानं रांगेकडे बघत विचारलं.

एका बाईनं हात वर केला. तिच्यामागे मिगदालियानं नवऱ्याला उभं केलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं त्याला वारा घालू लागली. वकिलातीचं दार अजून उघडलं नव्हतं, पण हवानाचं ऊन कुणासाठी थांबत नाही. एलिएसेरला धाप लागली होती. त्याच्या हृदयाच्या गोळ्या कित्येक महिन्यांत दुकानात आल्याच नव्हत्या.

मुलगी यामिले उरुग्वेत, मोंतेविदेओला होती. तिथं गोळ्या होत्या, डॉक्टर होते. तिकडचा व्हिसा आला होता, पण वाटेत पनामाला विमान बदलायचं तर तिथलाही व्हिसा हवा.

“अनेक प्रवेशांचाच मागायचा हं,” एलिएसेर म्हणाला. “मला परतही त्याच वाटेनं यायचंय.”

“कितीदा सांगशील रे म्हाताऱ्या?”

“छाती दाखवायची, नातीला कडेवर घ्यायचं आणि घरी. तिथंच राहा म्हणालीस तर आत्ता रांग सोडतो.”

“मी कशाला म्हणू? मग भांडू कुणाशी?”

मागे एकदा तिनं तो विषय काढला होता, तेव्हा यानं चक्क जेवण सोडलं होतं. एवढ्या हट्टी माणसापुढे कुणाचं काय चालणार! तिनं पुन्हा तोंड उघडलं नव्हतं. आणि दोघांनी मिळून जायचं, तर मागे कुणीच नाही म्हटल्यावर हे परत येतील असं कोण मानणार?

खिडकीतल्या अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी कागद उलटसुलट केले.

“एकाच प्रवेशाचा देते, आजोबा. जाणारे परत येत नाहीत हो. तुम्ही याल कशावरून? घर आहे?”

“आहे ना,” एलिएसेर म्हणाला. “छप्पर सोडलं तर सगळं आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. एलिएसेरचा चेहरा उतरला. हात जोडण्यापलीकडे त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

“अहो बाईसाहेब,” मिगदालिया पुढे झाली, “हा माणूस माझ्या हातच्या कॉफीशिवाय डोळे उघडत नाही. आमच्याकडे माझ्या आईचं एकच भांडं आहे, दांडा तारेनं बांधलेला. लेकीनं नवं पाठवलं, ते यानं शेजारी देऊन टाकलं. त्या भांड्याची कॉफी सोडून हा कुठं राहणार? भांडं इथं, मी इथं. जाईल कुठं?”

बाई हसल्या. कागदांना जमलं नाही ते कॉफीनं केलं, आणि शिक्का हवा तसा बसला.

निघायच्या दिवशी सकाळी मात्र कॉफी नव्हती.

“गॅस गेलाय,” मिगदालिया पाठमोरी म्हणाली.

“शेजारी तर वास येतोय!”

“त्यांचं त्यांना लखलाभ. चल, गाडी आलीय.”

तो फुरंगटून बसला. “आल्यावर दोन कप घेईन, सांगून ठेवतो.”

तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, मग उगाचच काढून पुन्हा लावलं. “गोळ्या वेळेवर घे,” एवढंच म्हणाली.

पनामाच्या विमानतळावर एलिएसेर प्रत्येक वळण नीट बघून ठेवत होता. परत येताना म्हातारीच्या ओढीनं धावपळ होणार, तेव्हा चुकायला नको. तपासणीच्या यंत्रातून त्याची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला.

“काहीतरी धातूचं आहे, आजोबा. उघडू?”

“उघडा की. कपडे आहेत नुसते. बायकोनं भरलीय.”

शिपायानं शर्ट बाजूला केले. तळाशी मिगदालियाच्या स्वयंपाकाच्या ॲप्रनचं गाठोडं होतं. त्यानं गाठ सोडली. आत काळवंडलेलं, दांड्याला तार गुंडाळलेलं कॉफीचं भांडं होतं.