उजवी पाकळी

"सही करताय की नाही?" डॉक्टर वैदेहींनी परत विचारलं.

"देवीचा कौल येऊ दे. मगच." बाबू जागचा हलेना.

खाटेवर त्याचा थोरला भाऊ महिपत. गावच्या देवळाचा गुरव. सकाळी फणसावरून डोक्यावर आपटला. हातखंब्यावरून रत्नागिरीत आणला. मानेला कडक पट्टा. शुद्ध होती, तोंड चालत होतं, खांद्याखाली सगळं लाकूड. सही करणार कशानं?

"मणका सरकलाय. आतला मज्जारज्जू दाबला गेलाय," डॉक्टर म्हणाल्या. "गळ्याकडून जाऊन दाब काढायचा, प्लेट बसवायची. हातपाय किती परत येतील ते सांगता येत नाही. उशीर केलात तर तेवढंही नाही."

"डॉक्टरबाई, कौल घेतल्याशिवाय आम्ही साधी विहीर खणत नाय. तुम्ही तर भावाचा गळा कापणार!"

तिकडे देवळात महिपतचा लेक रितेश कौल लावत होता. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यानं पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. एरवी हे काम महिपतचं. गावातली लग्नं, वाटण्या, सगळं त्याच्याच हातून ठरलेलं.

फोन वाजला. बाबूनं स्पीकर लावला.

"काका, डावी पडली."

बाबूनं कागद डॉक्टरांकडे सरकवला. "देवी नको म्हणते. मिटलं."

"रितेश," महिपत खाटेवरून बोलला, "परत लाव."

"बाबा, एका कामाला दोनदा कौल?"

"लाव रे मेल्या! डावी चांगली भिजव. उजवीला पाण्याचं नुसतं बोट लाव. तीच आधी पडते. मी काय वेगळं करतो?"

बाबूनं फोन बंद केला. 

त्यानं कागद मागं ओढला. सही केली. डॉक्टर कागद घेऊन पळाल्याच.

मग तो खाटेवर वाकला. पन्नाशी उलटलेला, बिनलग्नाचा माणूस.

"दादा, माझ्या नि हौसाच्या लग्नाचा कौल तूच लावला होतास. डावी पडली. देवीचं ऐकून मी तिला नाय म्हटलं, जन्मभर तुझ्या घरात राबलो. तेव्हा कुठली भिजवली होतीस?"

महिपतला तोंड फिरवायचं होतं. मान फिरेना.