हिरवा ठिपका

अप्पांनी कॉम्प्युटरमधला तो दुसरा कंटेनर बंद केला आणि पडद्यावरच्या यादीतला चिरंजीवांचा हिरवा ठिपका विझला.

योगायोग असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी कंटेनर पुन्हा सुरू केला. ठिपका आला. बंद केला. ठिपका गेला. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. तिसऱ्यांदा करून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं. तिसऱ्यांदाही तेच झालं. मग त्यांनी चष्मा काढला आणि स्वच्छच असलेल्या काचा पुसत बसले.

कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात एका कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच बंद करून ठेवलेल्या एका छोट्या मशीनमध्ये, घरच्या खाजगी नेटवर्कचा सर्व्हर चालायचा. त्याचं काम जुन्या एक्स्चेंजसारखंच. आपली मशीनं कोणती ते ओळखायचं, त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आणि बाजूला व्हायचं. पुढे ती आपापसांत काय बोलतात ते त्याला कळत नसे. कोण जागेवर आहे, एवढंच कळायचं; जो असेल त्याच्या नावापुढे यादीत हिरवा ठिपका. अप्पांचा त्यावर भारी जीव. नियम एकच होता. सर्व्हरला बाहेरून कुणी हात लावायचा नाही. जे काय करायचं ते घरी येऊन, या खुर्चीत बसून.

ठिपक्याची कल्पना चिरंजीवांचीच. दूरच्या शहरात नोकरी लागली तेव्हा आई दिवसातून चारदा फोन करायला लागली. त्याने तोडगा काढला. लॅपटॉप कायम चालू असतो, ठिपका हिरवा दिसला की समजायचं, पोरगा ठणठणीत आहे. फोन कशाला? तेव्हापासून बायको रोज सकाळी स्वयंपाकघरातून विचारायची, "आहे का हो?" अप्पा बघून सांगायचे, "आहे." मग तिचा दिवस सुरू व्हायचा. एकदा ठिपका दोन दिवस दिसेना, तर तिने घर डोक्यावर घेतलं. चिरंजीव मित्रांबरोबर भटकायला गेले होते. परत आल्यावर तो फोनवर वाट्टेल ते बोलला. पण त्यानंतर काही दिवसांनी जो ठिपका हिरवा झाला, तो आठ महिने एकदाही गेला नव्हता. पोरगं शहाणं झालं, असं दोघंही कौतुकाने म्हणायची.

आज डिस्क भरत आली, म्हणून अप्पांनी मशीनवर काय काय चालू आहे ते पाहिलं. एकाच्या जागी दोन कंटेनर निघाले. दुसऱ्याचं नाव 'घड्याळ'. असलं काही आपण ठेवल्याचं त्यांना आठवेना.

आता सगळं लक्षात आलं. चिरंजीवांचा लॅपटॉप या नेटवर्कात उरलाच नव्हता. त्याचं नाव घेऊन हा कंटेनर बसला होता, इथेच, कपाटात. आठ महिने रोज सकाळी नवराबायको स्वतःच्याच कपाटाची खुशाली विचारत होते.

कंटेनर कधी तयार झाला, तेही त्यांनी पाहिलं. आठ महिन्यांपूर्वीची तेवीस तारीख, दुपारी सव्वाबारा.

ही तारीख घरात पाठ होती. कॅलेंडरचं ते पान स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून होतं. बायको फाडू देत नसे. तेवीसवर लाल गोल होता. त्या दिवशी तो न सांगता दारात उभा राहिला होता. वर्षातली ती एकच भेट. आई आत त्याच्या आवडीचं रांधत होती, तेव्हा तो म्हणाला होता, "अप्पा, तुमचं मशीन जरा साफ करून देतो." अर्धा तास या खुर्चीत बसला, जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. बायकोने तेव्हापासून भेटेल त्याला सांगितलं होतं, "आईची आठवण आली म्हणून धावत आला हो."

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोराने केसाने गळा कापला होता, आणि ही सगळी विद्या त्याला त्यांनीच शिकवली होती.

"आहे का हो?" आतून हाक आली.

"बघतोय."

"मी काय म्हणते, तसा परत कधी येईल का हो तो? अचानक?"

कंटेनर बंदच होता. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि फोन लावला.

"अरे, तुझा ठिपका दिसत नाही."

"असं कसं होईल?" चिरंजीव म्हणाले. "लॅपटॉप चालू आहे. माझ्यासमोरच तर आहे."

किती सहज म्हणाला! अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"मग इथल्या मशीनचंच काहीतरी बिघडलंय. मला काही उमजेना. एक्स्चेंजमधल्या माझ्या सोबत्याला बोलावतो. तो सगळं उघडून बघेल."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"नको, नको. कुणाला हात लावू देऊ नका. तुम्हीपण काही करू नका, अप्पा. मी येतो."

"कधी?"

"उद्याच निघतो."

अप्पांनी फोन ठेवला. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"तो येतोय," ते म्हणाले. "उद्या निघतोय."

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसता पुसता तिचा चेहरा उजळला. "खरंच? असा एकाएकी? काही काम निघालं का?"

अप्पांनी भिंतीवरच्या लाल गोलाकडे पाहिलं.

"काम कसलं," ते म्हणाले. "तुझी आठवण आली म्हणे."