आप्पांच्या हातून

कॉम्प्युटर सुरू होईना, तसा निरंजन वडिलांवर उखडला. "आप्पा, कितीदा सांगितलं, याला हात लावू नका! आता माझी मीटिंग आहे."

आप्पा रोज दुपारी त्यावर नातीसाठी गोष्टी टाइप करत. ते चपला घालून बाहेर पडले.

निरंजननं टेबलाखाली वाकून पाहिलं. कॉम्प्युटरचा प्लग काढलेला होता आणि त्या जागी त्याच्याच मोबाइलचा चार्जर होता. सकाळी घाईत त्यानंच लावलेला.

तो धावत खाली गेला. गेटपाशी आप्पा शेजारच्या सोनटक्क्यांना विचारत होते, "कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कुणी आहे का हो ओळखीचा? माझ्या हातून मुलाचा बिघडलाय."

निरंजनला मान वर करवेना. "आप्पा, प्लग मीच काढला होता."

आप्पांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे होईल ना तुझी मीटिंग?"