शोकसभेत पाणी आलं

पोह्यांच्या गिरणीचे मालक आणि गावाचे जुने सरपंच गोविंदशेठ गेले. पेणच्या खारेपाटातल्या त्या गावात देवळासमोर शोकसभा भरली. श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या, आणि नेमका तेव्हाच सार्वजनिक नळ फुसफुसला. चार दिवसांनी पाणी आलं होतं. एक बाई हळूच सटकली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळ्याच हंडे घेऊन धावल्या.

शेठचा मुलगा सुजय भडकला. "दोन मिनिटं दम निघत नाय? यांना नळ मिळावा म्हणून बाबांनी गिरणी सोडून पंचायतीत जन्म काढला!"

"म्हणून तर गेल्या," त्याची आई विमलबाई शांतपणे म्हणाली. "ग्रामसभेत पाणी आलं की तुझे बाबा माईकवरून काय सांगायचे, विसरलास? जा, सांग."

सुजयने माईक हातात घेतला. आवाज थेट बापाचाच निघाला. "आधी हंडे भरा गो बायांनो, सभा काय पळून जात नाय!"

नळावरचा कलकलाट एकदम थांबला. हंड्यांवर वाकलेल्या बायका सरळ झाल्या आणि माना खाली घालून जागच्या जागी उभ्या राहिल्या. ऐकू येत होतं ते फक्त हंड्यात पडणारं पाणी.