शिरगावची बाई

काशीबाई पालघरचा बाजार उरकून आली तेव्हा महिला मंडळाची बैठक तिच्यावाचून सुरू झालेली होती. तिचं डोकंच फिरलं. मासळी सुकवायच्या ओट्यापाशी बायका गोल करून बसल्या होत्या आणि तिला पाहताच सगळ्या गप्प झाल्या.

"या, काशीबाई," ग्रामसेविका मंदाताई उठून म्हणाल्या. मंडळातल्या बुधीनं लगबगीनं तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. मंडळात एवढा मान तिला कधी मिळाला नव्हता, तेव्हा राग थोडा निवळला.

मंदाताई प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि तिथली पद्धत त्यांनी इथं लावली होती. अडचण मधे मांडायची, प्रत्येकीनं पाळीपाळीनं उपाय सुचवायचा. तो कितीही वेडगळ असो, हसायचं नाही, खोडायचा नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यातला एक निवडायचा. विहिरीचा रहाट, सुकटीवरचे कावळे, असल्या अडचणी सुटल्याही होत्या. काशीबाईचा उपाय मात्र एकदाही निवडला गेला नव्हता, आणि ती ते गावभर बोलून दाखवी.

"आज काय हाय?" तिनं विचारलं.

मंदाताई जरा अडखळल्या. शिरगावात एक बाई आहे, त्या म्हणाल्या. तिचा मुलगा गेला. तिला अजून ठाऊक नाही. तिला सांगायचं कसं, तेच कुणाला सुचत नाही.

काशीबाईचा नवरा दर्यानं नेला होता. म्हणून तर तिनं आपल्या पोराला, दादूला, होडीवर पाऊल ठेवू दिलं नव्हतं. मनोरला खडीच्या लॉरीवर क्लीनर म्हणून चिकटवला होता. पोर जमिनीवर आहे, या विचारावर तिला झोप लागे. शिरगावच्या बाईची तिला कीव आली. पोर दर्यातच गेलं असणार, मग त्याला दर्यावर धाडलं कशाला, असंही मनात आलं.

पाळी फिरू लागली, पण कुणी तोंड उघडेना. बुधी डोळे पुसत होती. काशीबाईची जाऊ हिरा खाली मान घालून बसली होती. दोघींचा कितीतरी दिवस अबोला होता, त्यामुळे काशीबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तुमी काय सांगनार? मला इचारा," ती म्हणाली आणि बोलत सुटली. तिच्या नवऱ्याची बातमी घेऊन गावातला सगळ्यात भला म्हातारा आला होता. आजारी आहे, इथपासून सुरुवात करून त्यानं अर्धा दिवस घालवला आणि शेवटी स्वतःच रडायला लागला. तिलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

"आडून सांगू नका. एका दमात सांगा. आन गोड मानसाला धाडू नका. जिच्याशी भांडन हाय, तिला धाडा. ऐकल्यावर शिव्या द्यायला समोर कोन तरी पायजे. मी त्या म्हाताऱ्याला शिवी पन देऊ शकली नाय. ती आजून आत हाय."

दुसरा उपाय कुणाला सुचतो का, मंदाताईंनी विचारलं. कुणाला सुचत नव्हता. हळूहळू सगळ्यांचे हात वर झाले. एवढ्या वाईट कामातही काशीबाईला जरा बरं वाटलं.

"मंग जा कोन तरी शिरगावला," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. मग हिरा उठली. ती वाटेकडे गेली नाही. गोल ओलांडून आली आणि काशीबाईच्या पुढ्यात बसली.

"काशी, आपला दादू गेला," ती म्हणाली. "दे मला शिव्या."