एकच दोर

"अरे, कयाक त्या दगडाला बांध की," काठावर उतरताच वैजयंती म्हणाली.

"आणि डोंगर काय नुसत्या हातांनी चढायचा? दोर एकच आहे," श्रीरंग म्हणाला. भाड्याच्या कयाकमधून धरण ओलांडायचं आणि पलीकडचा डोंगर चढायचा, हा शनिवार-रविवारचा बेत त्याने व्हिडिओ पाहून आखला होता. तिने नुसतंच त्याच्याशी लग्न केलं होतं, व्हिडिओ थोडेच पाहिले होते; तिला काय कळणार! त्याने कयाक चिखलात जराशी ओढली, दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि ऐटीत फोटो काढून घेतला.

डोंगर भलताच अवघड निघाला. वाटेत दोन म्हशी आणि सरपणाची मोळी घेतलेली एक आजी दोराशिवायच त्यांना मागे टाकून गेल्या.

माथ्यावर पोचताच श्रीरंगने खाली पाण्याकडे बोट दाखवलं. "ती बघ, लाल कयाक! वाऱ्यावर कशी मस्त चाललीये! मुरलेला गडी दिसतोय."

"त्यात गडी नाहीये," वैजयंती म्हणाली. "माझा पिवळा टॉवेल आहे."

पलीकडच्या काठावर त्यांची गाडी उन्हात चमकत होती. तिने त्याच्या खांद्यावरचं वेटोळं नीट केलं.

"दोर मात्र सांभाळ हं. एकच आहे."