रिठ्याचं बी

मंगल कार्यालयाच्या दारातच साधनाभोवती घोळका जमलेला पाहून सत्यशीला पायरीवरच थांबली. यवतमाळपासून मुकुटबनपर्यंतची सगळी माणसं आज दिग्रसला आली होती आणि त्यांतली निम्मी तरी साधनाबरोबर फोटो काढून घेत होती. या पोरीला पक्षात आणलं कोणी? सत्यशीलानेच. तिच्या हातात पक्षाचं पहिलं पत्रक दिलं कोणी? तेही सत्यशीलानेच. आता पोरगी मोबाइलवर नाल्याचे, डोंगराचे व्हिडिओ टाकते, गोड बोलते, आणि आठ वर्षं उन्हातान्हात गावं पालथी घालणाऱ्या बाईला लोक विचारतात, "तुमी साधनाताईच्या संगं आल्या काय?"

"जय भीम, ताई!" साधना घोळक्यातून वाट काढत आली. "कोनतं बी आनलं तुमी?"

"रिठ्याचं," सत्यशीला म्हणाली आणि आजूबाजूच्यांनाही दिसेल असा तळहात पुढे केला. काळंभोर, गोल, चकाकणारं बी. "आख्ख्या बोरी अरबात एकच झाड हाये. माह्या अंगनात."

"मले त चिंचोकाच भेटला," साधना हसली. सत्यशीलाला तेवढंच बरं वाटलं.

हिरवाई पक्षाचं अजून ग्रामपंचायतीतसुद्धा कोणी निवडून आलं नव्हतं, पण अधिवेशनाचा थाट मात्र स्वतःचा होता. फ्लेक्स नाही, फलक जुन्या साडीवर रंगवलेला. बाटल्या नाहीत, माठाचं पाणी. मतदानाला कागदही नाही, कारण कागद झाडाचा होतो. प्रत्येकाने आपल्या गावाहून एक बी आणायचं आणि पडद्यामागे जाऊन आवडत्या उमेदवाराच्या मडक्यात टाकायचं. जिंकणाऱ्याने त्या सगळ्या बिया नेऊन लावायच्या. आणि एक रीत अशी की, उमेदवाराने आपलं बी स्वतःच्या मडक्यात टाकायचं नाही, समोरच्याच्या टाकायचं. निवडणुकीने मनं कडू होऊ नयेत म्हणून म्हाताऱ्या वामनरावांनी ती घालून दिली होती. ते अध्यक्ष होते, आणि तपासायला पडद्यामागे कोणी जात नसे.

जिल्हा संघटक व्हायला यंदा दोघीच उभ्या होत्या.

भाषणात सत्यशीला अडखळली. साधनाने मात्र सभा हसवली, मग रडवली, आणि शेवटी म्हणाली, "मले बोलाले शिकवलं सत्यशीलाताईनं. मी हरली तरी माही ताईच जिंकन." टाळ्या थांबेनात. सत्यशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठेपणासुद्धा हीच घेऊन जाते, आपल्याला काही ठेवत नाही!

पडद्यामागे ती एकटीच होती. दोन मडकी, गळ्यात नावांच्या पाट्या. तिने साधनाच्या मडक्यावर हात नेला. बाहेर साधनाच्या नावाच्या घोषणा चालल्या होत्या. हात तसाच वळला. रिठ्याचं बी सत्यशीलाच्या मडक्यात टक्‌ करून पडलं आणि ती तोंड पुसत बाहेर आली.

मोजणीला व्यासपीठावर पांढरं धोतर अंथरलं. त्याच्या एका बाजूला वामनराव बसले, दुसऱ्या बाजूला दोघी उमेदवार. बाकीची सभा खाली खुर्च्यांवर होती. साधनाचं मडकं आधी पालथं झालं. निंबोळ्या, सीताफळाच्या बिया, आंब्याच्या कोया. एकोणीस.

वामनरावांनी दुसरं मडकं उचललं आणि तेव्हा कुठे सत्यशीलाच्या डोक्यात उजेड पडला. नावाची चिठ्ठी नसली तरी सकाळी तळहातावर मिरवलेलं बी काय लपणार होतं?

बिया धोतरावर सांडल्या. त्यांतून रिठ्याचं बी नेमकं घरंगळत निघालं आणि साधनाच्या गुडघ्याला जाऊन टेकलं.

वामनरावांना जवळचं धड दिसत नव्हतं. एकेक बी बोटाने सरकवत ते एकोणीसवर येऊन थांबले. "बरोबरी झाली का वं?"

साधनाने गुडघ्याजवळचं बी उचललं. क्षणभर चिमटीत धरून पाहिलं. सत्यशीलाकडे तिने पाहिलंच नाही.

"नाई, दादा. हे एक राह्यलं," ती म्हणाली आणि बी सत्यशीलाच्या ढिगात ठेवलं. "ताईचं हाये."

"वीस!" वामनराव ओरडले. "सत्यशीलाबाई जिल्हा संघटक!"

टाळ्या झाल्या. आठ वर्षं ज्या टाळ्यांसाठी जीव टाकला, त्या या होत्या. सत्यशीला उभी राहिली, पदर पसरला, आणि रीतीप्रमाणे हरलेल्या साधनाने ओंजळीओंजळीने बिया त्यात ओतल्या. लोक फोटो काढत होते. सत्यशीलाही हसत होती, पण तिचे गाल दुखायला लागले होते.

शेवटची ओंजळ रिकामी झाल्यावर साधना तिच्या कानाशी वाकली.

"ताई, थे रिठ्याचं मले द्या ना. लावीन मी. तुमच्या अंगनात त झाडच हाये."

सत्यशीलाने पदरात हात घातला. बी पहिल्याच चिमटीत सापडलं. तरी ती किती तरी वेळ बिया चाळत राहिली.